शिक्षकाची दुआ आणि दुसऱ्याचे मूल

आपल्या हाताखालच्या लहान मुलांसाठी शिक्षकाने ईश्वराजवळ काही मागावे, ही रीत जुनी आहे. ख्रिस्ती देवळात रविवारी बालवर्ग चालविणाऱ्या बाई मुलांची नावे घेऊन प्रार्थना करतात. आम्ही मुसलमान शिक्षक नमाजानंतर हात पसरून तेच करतो. देवळातील वर्गाला मूल पाठविणाऱ्या आईबापांची धर्मशिक्षणास संमती असतेच. रोजच्या शाळेत मात्र नाना धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, ती कशी?

हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा फार तीव्रतेने उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदासदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. संस्था मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ झाला. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे दोघेही प्रार्थनासमाजाचे पुढारी. त्यांचे वाकडे प्रार्थनेशी नव्हते. पालकांना दिलेल्या शब्दाची त्यांना काळजी होती. रमाबाईंचे म्हणणेही समजण्याजोगे होते: मी कोणावर जबरदस्ती करीत नाही, पण माझे दारही लावून घेणार नाही.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने 1950 साली याविषयी नियम घालून दिला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत लहान मुलाला पालकाच्या संमतीवाचून उपासनेस बसवावयाचे नाही. हा अठ्ठाविसावा अनुच्छेद होय. त्याने मुलाचे मन सुरक्षित केले. शिक्षकाच्या अंतःकरणातील दुआ मात्र कोणत्याही कायद्याने अडविलेली नाही.

त्याच रमाबाईंच्या आयुष्यातील दुसरी गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन गेल्या. आपला निमाड जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातच होता. केडगावच्या मुक्तिसदनात 1905 च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेस सोबतीण मागितली, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या 550 झाल्या. पण तेथे नुसती प्रार्थना नव्हती. शाळा होती, शेती होती, विणकाम आणि छापखाना होता. मुलीसाठी देवाजवळ भाकर मागणाऱ्या बाईने तिला भाकर मिळविण्याचे कसबही शिकविले.

आमच्यात असे मानतात की, एखाद्याच्या पाठीमागे, त्याला कळू न देता केलेली दुआ लवकर कबूल होते. शिक्षकासाठी याहून चांगला दंडक नाही. गुप्त दुआत दिखावा नसतो आणि दबावही नसतो. "हे मूल माझ्यासारखे होवो" असे न मागता "हे मूल निरोगी राहो, त्याला इल्म मिळो, ते आईबापांच्या डोळ्यांचा प्रकाश होवो" एवढेच मागावे. हे मागणे कोणत्याही आईला परके वाटणार नाही.

अशी दुआ मुलांआधी शिक्षकाला बदलते. पटावरील प्रत्येक नाव रोज घ्यावयाचे म्हटले की, शेवटच्या बाकावरचे अबोल पोरही आठवावे लागते. चार दिवस न आलेल्याच्या घरी चौकशीला जावे लागते. ज्याचे नाव रात्री दुआत घेतले, त्याला सकाळी घालूनपाडून बोलताना जीभ अडखळते.

असीरगडाहून जवळच्याच बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. भाषा दोन, निर्माता एक. आपल्या वर्गातील मुलांची नावेही अशीच अनेक भाषांतील असतात. ती सारी नावे एका दुआत मावतात. शिक्षकाने ती मनापासून घेतली पाहिजेत, आणि सकाळी वेळेवर वर्गात हजर राहिले पाहिजे.