पत्र्याच्या खोलीला एक्झॉस्ट पंखा केवढा घ्यावा?

भीमजयंती आटोपली की वऱ्हाडात ऊन खरे तापते. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात पारा 45 अंशांवर गेला आणि जिल्ह्यात कलम 144 लावावे लागले. दुपारच्या उन्हाला सगळेच भितात. पण म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना रात्रीची धगही तेवढीच घातक. तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडतात, शरीराला सावरायला वेळ मिळत नाही.

बाहेर गारवा आला की आतली गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा इथे कामी येतो. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 1200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर. दर दोन मिनिटांनी सगळी हवा बदलायची तर तासाला साधारण 1000 घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. दुकानात हाच आकडा विचारा, नुसती किंमत नको. स्वयंपाकघरातला 9 इंची पंखा बहुधा कमी पडतो. 12 इंची पाहा.

पंखा वर, पत्र्याजवळ बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. ती बंद असेल तर मोठा पंखाही नुसता घरघरतो आणि चुलीचा धूर घरातच ओढतो. दुपारी मात्र तो बंद ठेवा, नाहीतर लूच आत येईल.

कुणाचे अंग चटका बसण्याइतके तापले, माणूस बरळू लागला, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि लगेच 108 ला फोन लावा.