बिनपाकाचे लाडू

बिनपाकाचे लाडू म्हणजे भाजलेले दाणे किंवा धान्य कुटून, त्यात गूळ अथवा खजूर मिसळून, पाक न करता वळलेले लाडू होत. शेंगदाणे, तीळ, जवस आणि ज्वारीच्या लाह्या हे त्यांचे मुख्य घटक आहेत. या लाडवांना भट्टी, ओव्हन किंवा तळण लागत नाही. तूप, दूध, खवा व मध वगळल्यास ते संपूर्णपणे वनस्पतिजन्य, म्हणजेच व्हीगन ठरतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात व एकूणच मराठवाड्यात शेंगदाणा-गुळाचा लाडू हा घरोघरी होणारा खाऊ आहे.

पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्याची गोड पदार्थांतील प्रसिद्धी प्रामुख्याने दुधावर आधारलेली आहे. भूम तालुक्यातील खवा आणि कुंथलगिरीचा पेढा दूरवर ओळखला जातो. त्याच्या जोडीने कोरडवाहू शेतीतील तेलबिया व ज्वारी यांपासून होणाऱ्या गोड पदार्थांची साधी परंपराही येथे आहे. मकरसंक्रांतीला तिळगूळ, नागपंचमीला लाह्या आणि उपवासाला शेंगदाण्याचा लाडू ही तिची परिचित उदाहरणे होत. तुळजापूरच्या तुळजाभवानी देवीच्या शारदीय नवरात्रात अनेक घरांत नऊ दिवसांचे उपवास असतात. त्या काळात शेंगदाणा, गूळ व राजगिरा यांचे पदार्थ विशेष केले जातात.

तीळ हे भारतीय उपखंडातील अतिप्राचीन पीक असून हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. आज उपवासाच्या फराळात त्याला मानाचे स्थान असले, तरी भारतात तो गेल्या काही शतकांतच आला.

‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणे, असा त्याचा आहारापुरता अर्थ आहे. भारतात व्हीगन खाद्यपदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम लागू झाले. शेंगदाणा-गुळाचा लाडू या व्याख्येत बसतो, याचे कारण वैचारिक नसून व्यावहारिक आहे. दाण्यातच भरपूर तेल असल्याने तो वळण्यासाठी तुपाची गरज पडत नाही.

घटकांची निवड

शेंगदाणे : दाणे टपोरे, कोरडे व एकसारख्या रंगाचे असावेत. सुरकुतलेले, काळपट, कडवट किंवा बुरशी आलेले दाणे निवडून टाकावे लागतात.

गूळ : चिक्कीचा गूळ चिवट असतो व पाकासाठी योग्य ठरतो. बिनपाकाच्या लाडवांसाठी साधा, मऊ गूळ किसून किंवा बारीक चिरून घेतात. फिकट पिवळा रंग हे गुळाच्या शुद्धतेचे लक्षण नव्हे. रंग उजळण्यासाठी काही ठिकाणी रसायने वापरली जातात. तपकिरी गूळ दिसायला उणा असला, तरी तेवढ्यावरून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

तीळ व जवस : दोन्ही मंद आचेवर भाजून घेतात. जवसाचे कवच कठीण असते आणि अख्खे जवस बहुधा न पचताच बाहेर पडते, म्हणून ते कुटूनच वापरणे योग्य होय.

कृती

भाजून सोललेले २५० ग्रॅम शेंगदाणे, १५० ग्रॅम किसलेला गूळ व थोडी वेलदोड्याची पूड एवढ्या साहित्यात साधारण २५ ग्रॅम वजनाचे १६ लाडू होतात.

१. जाड बुडाच्या कढईत दाणे मंद आचेवर, सतत हलवत भाजावेत. मोठ्या आचेवर साल करपते व आतला दाणा कच्चा राहतो.
२. दाणे गार झाल्यावर हाताने चोळून व पाखडून साले काढावीत.
३. खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कूट करावे. मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. तो सलग फिरवल्यास तेल सुटून कुटाचा गोळा होतो.
४. कुटात गूळ व वेलदोड्याची पूड घालून पुन्हा कुटावे किंवा मिक्सर एकदोनदा फिरवावा. मिश्रण मुठीत दाबल्यावर मुटका टिकला, की ते तयार झाले असे समजावे.
५. लगेच लाडू वळावेत. मिश्रण कोरडे वाटल्यास त्यातील थोडा भाग अधिक बारीक कुटून परत मिसळावा. सुटलेल्या तेलामुळे लाडू वळता येतो. पाणी घातल्यास तो लवकर खराब होतो.

याच पद्धतीने १५० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम दाण्याचे कूट व १५० ग्रॅम गूळ घेऊन तिळाचे लाडू होतात. ज्वारीच्या लाह्यांच्या पिठात स्निग्धता कमी असल्याने त्यात दाण्याचे कूट अधिक घालावे लागते. अलीकडे गुळाऐवजी बिया काढलेला मऊ खजूर कुटून घालण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

पोषणमूल्य

वरील प्रमाणातील एका लाडवातून सुमारे १२५ किलोकॅलरी ऊर्जा व ४ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात साधारण ९ ग्रॅम गूळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पदार्थात वरून मिसळलेली साखर दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी व शक्य तर ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे प्रौढासाठी सुमारे २५ ग्रॅमपर्यंत, आणावी. गुळाची गणना याच साखरेत होते. दाणे व गूळ समप्रमाणात घेतल्यास दोन लाडवांतच सुमारे २५ ग्रॅम गूळ पोटात जातो. त्यामुळे लाडू किती आरोग्यदायी आहे, हे गूळ घालण्यापेक्षा तो किती घातला यावर अधिक अवलंबून असते. खजुरातही निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. मधुमेह असलेल्या व्यक्तींनी दोन्हींचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

गूळ-शेंगदाणे खाल्ल्याने रक्त वाढते, असा व्यापक समज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या पार्श्वभूमीवर हा समज तपासून घेणे आवश्यक ठरते. एका लाडवातून सुमारे १ मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. शिवाय वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांसारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थांसोबत ते अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबरच्या चहामुळे शोषण घटते. लाडू हा आहारातील लोहाला छोटासा हातभार आहे. रक्तक्षयावरील लोहाच्या गोळ्यांची जागा तो घेऊ शकत नाही.

न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर असते. मात्र सालीतील ऑक्झलेटमुळे ते सर्व शरीराला मिळत नाही. पांढऱ्या, सोललेल्या तिळात कॅल्शियमचे प्रमाण बरेच कमी असते.

बुरशीचा धोका व दक्षता

जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचे क्षेत्र वाढले असून अनेक घरांत शेंगदाणे बाजारातून आणले जातात. अशा वेळी साठवणीकडे लक्ष देणे महत्त्वाचे ठरते. ओलसर दाण्यांवर वाढणारी अॅस्परजिलस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. इंग्लंडमध्ये १९६० साली भुईमुगाची पेंड खाल्लेल्या हजारो टर्की पक्ष्यांच्या मृत्यूनंतर या विषाचा शोध लागला. ते दीर्घकाळ शरीरात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही आणि कुटल्यावर खराब दाणा ओळखता येत नाही. त्यामुळे दाणे निवडण्याचे काम भाजण्यापूर्वीच करावे लागते.

शेंगदाणे व तीळ यांची काहींना तीव्र ॲलर्जी असते. पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अख्खे दाणे अडकू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी कूट बारीक करणे इष्ट आहे.

साठवण

दुधाचे पदार्थ नसल्याने हे लाडू फ्रिजशिवाय टिकतात. हिवाळ्यात कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते दोन-तीन आठवडे चांगले राहतात. पावसाळ्यात गूळ हवेतील ओलावा शोषतो, म्हणून थोडेच करून लवकर संपवणे चांगले. खवट वास आल्यास लाडू टाकून द्यावेत.