टिपण एकदा लिहावे, पान हवे तेव्हा करावे

इयत्ता तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकविताना मुले नेमकी कोठे अडखळतात आणि कोणत्या उदाहरणाने त्यांना ती उमगते, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते शिक्षकाच्या टिपणांत असते. शिक्षकाची बदली झाली म्हणजे पुष्कळदा हे ज्ञानही त्याच्याबरोबर शाळा सोडून जाते. तीच टिपणे संगणकावर नीट लिहून वेबपानाच्या रूपाने प्रसिद्ध केली, तर मागून येणाऱ्या शिक्षकास आणि शेजारच्या शाळेसही त्यांचा लाभ होईल. त्याची रीत येथे क्रमाने सांगितली आहे.

प्रथम मजकूर कसा साठवावा, ते पाहू. जुन्या मराठी फाँटांपैकी अनेकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की, इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ दिसते. वर्षांचे श्रम असून नसल्यासारखे होतात. युनिकोडमध्ये ही अडचण नाही. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतंत्र स्थान मिळाले व प्रत्येक अक्षरचिन्हास स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. यास्तव टिपण युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे आणि साठविताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. या प्रकारात देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. म्हणजे दोन हजार चिन्हांचे टिपणही सुमारे ६ किलोबाइटांत मावते.

साध्या मजकुरात ठळक अक्षर नाही, रंग नाही. मग शीर्षक कोणते आणि यादी कोणती, हे कसे कळावे? त्यासाठी थोड्या खुणा पुरतात. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली ‘मार्कडाउन’ नावाची खुणांची पद्धत प्रसिद्ध केली. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह देऊन एक जागा सोडली की, ती ओळ शीर्षक ठरते. अशी दोन चिन्हे दिल्यास उपशीर्षक होते. ओळीच्या आरंभी आडवी रेघ (-) देऊन जागा सोडली की यादीतील एक बाब होते. परिच्छेदांमध्ये, तसेच शीर्षकाच्या व यादीच्या आधी एक ओळ रिकामी ठेवावी. ‘हे शीर्षक आहे’ एवढेच या खुणा सांगतात; ते किती मोठे दिसावे, हे सांगत नाहीत. म्हणूनच एकाच टिपणापासून निरनिराळी रूपे काढता येतात.

हे रूपांतर करण्यासाठी ‘पॅनडॉक’ ही मोफत मिळणारी आज्ञावली आहे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ती २००६ साली प्रथम प्रसिद्ध केली. मूळ फाइलीचे नाव, होणाऱ्या पानाचे नाव आणि ‘संपूर्ण पान हवे’ ही सूचना, अशा तीन गोष्टी तिला एका ओळीत सांगावयाच्या असतात. तिसरी सूचना राहून गेल्यास मजकुराचा केवळ तुकडा हाती येतो. त्यात लिपीची नोंद नसल्याने काही वेळा देवनागरीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. टिपणाच्या आरंभी लेखाचे शीर्षक आणि मराठी भाषेची नोंद अवश्य करावी. चित्रे पानातच सामावून घेण्याची सोयही तिच्यात आहे. असे पान पेनड्राइव्हवरून नेऊन इंटरनेट नसलेल्या वाडीवस्तीवरील शाळेतही उघडता येते. त्याच टिपणाची छपाईयोग्य वर्ड फाइलही निघते.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. चूक आढळल्यास ती मूळ टिपणात सुधारावी, तयार पानात नव्हे. पानात केलेली दुरुस्ती पुढच्या रूपांतरात पुसली जाते. टिपण हे बियाणे आणि पान हे पीक होय. पीक पुन्हा घेता येते, पण बियाणे मात्र जपले पाहिजे. मूळ फाइलीची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी.

पाने सर्वांस खुली करावयाची तर ती वेबवरील जागेवर चढवावी लागतात. ‘गिटहब पेजेस’सारख्या सेवा अशी जागा विनामूल्य देतात. फाइलींची नावे लहान इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवावीत. मुखपृष्ठाच्या फाइलीस ‘इंडेक्स’ हे नाव द्यावे, म्हणजे केवळ पत्ता लिहिताच ते उघडते.

पान खुले करण्यापूर्वी टिपण एकवार वाचावे. त्यात एखाद्या मुलाचे नाव, जात, आजार किंवा घरची अडचण यांचा उल्लेख असेल, तर तो काढून टाकावा. वहीतील नोंद शिक्षकापुरती असते, वेबवरील पान सर्व गाव वाचू शकतो. आणि एकदा पसरलेली प्रत परत घेता येत नाही. पाठ्यपुस्तकातील धडे वा कविता जशाच्या तशा उतरवून देऊ नयेत. आपले अध्यापन तेवढे लिहावे.

सर्व वह्या एकदम हाती घेण्याचे कारण नाही. ज्या घटकात मुले हमखास अडतात, असा एकच घटक निवडावा, त्याचे एक टिपण लिहावे आणि त्याचे पान करून केंद्रातील एखाद्या सहकाऱ्यास वाचावयास द्यावे. त्याला ते पाहून उद्याचा पाठ घेता आला, म्हणजे काम साधले असे समजावे.