काटकसरीचा खेळ-संगणक

देहूरोडच्या दारूगोळा कोठारांत वा चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या घरीं मुलानें खेळासाठीं संगणक मागितला, कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. पुण्याच्या बाजारांतून अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र घरींच जुळवितां येतें. परंतु पैसा कोठें ओतावा व हात कोठें आंखडावा, याचा विवेक हवा.

खेळांतील चित्र प्रतिक्षणीं नव्यानें रेखाटण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करितें. म्हणून खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यास द्यावा. प्रोसेसर त्याला साजेसा असावा. तो मंद असल्यास महाग कार्डही खोळंबून राहतें. पडदा १०८० ओळींचा असेल, तर त्याहून सूक्ष्म पडद्यासाठीं घडविलेलें कार्ड घेणें व्यर्थ होय. रॅमचे ८ जीबीचे दोन तुकडे जोडीनें बसवावे. १६ जीबीच्या एकाच तुकड्यापेक्षां त्यांतून माहितीची ने-आण अधिक वेगानें होते. रंगीत दिवे व कांचेची पेटी यांवांचून कांहीं अडत नाहीं.

मात्र पॉवर सप्लायवर काटकसर करूं नये. घरांतील २३० व्होल्टांच्या विजेचें यंत्रास मानवेल अशा १२ व्होल्टांच्या विजेंत रूपांतर तोच करितो. तो निकृष्ट निघाल्यास इतर भागही जळूं शकतात. थोड्या रुपयांच्या बचतीपायीं महिन्या-महिन्यानें सांठविलेली सारी पुंजी पणास लावणें शहाणपणाचें नव्हे.