बऱ्या झालेल्या रुग्णाचं करायचं काय?

मानसोपचारतज्ज्ञ थकतात ते दिवसभर इतरांची दुःखं ऐकून, असं सर्रास बोललं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. ऐकणं हे तर त्यांनी स्वतः निवडलेलं काम. जीव मेटाकुटीला येतो तो ते काम धड करता येत नाही म्हणून, आणि केलेलं डोळ्यांदेखत वाया जातं म्हणून. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचं दिसलं. आणि देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. सरकारी ओपीडीत मग झोप लागते का, कानात आवाज येतात का, गोळ्या चुकल्या का, एवढं विचारेपर्यंत पुढचा केसपेपर टेबलावर येतो. गर्दी तर नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या प्रत्येक विभागात असते, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण हाड मोडलं की एक्स-रे बोलतो. इथे बोलणं हीच तपासणी, त्यामुळे वेळ कापला की निदानच कापलं जातं.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वॉर्डात घडते. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं, ९४० खाटांचं. अशा रुग्णालयांत औषधांनी माणूस सावरतो, स्वतःचं नाव-गाव सांगू लागतो. पण पत्ता चुकीचा निघतो, किंवा भाऊ न्यायला येत नाही. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. बाहेर राहण्याची सोय करणं तो सरकारवर सोपवतो. ती सोय तोकडी पडते तेव्हा डॉक्टरचं यश खाटेवरच अडकून राहतं. (नातेवाइकांना सरसकट दोष देणंही सोपं, रोजमजुरीवरच्या घरात रुग्णाजवळ बसणार कोण?)

पगार वाढवा, एमडीच्या जागा वाढवा, हे उपाय नेहमीचे. दोन्ही हवेतच. पण नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी प्रॅक्टिसशी सरकारी पगार कधी बरोबरी करणार नाही, आणि एकट्या डॉक्टरला समुपदेशक, लिपिक नि नातेवाईक शोधणारा माणूस अशा सगळ्या भूमिका कराव्या लागल्या तर नवा डॉक्टरही जुन्याइतकाच लवकर कंटाळेल. म्हणून मनोरुग्णालयाच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा डॉक्टरांच्या जागा मोजून थांबू नका. या भूमिका वाटून घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांची पदं किती आहेत, तेही पाहा.