नव्वद टक्के झालंय, साहेब

सोमवारची साइट मीटिंग. ठेकेदाराचा माणूस वही उघडून सांगतो, "नव्वद टक्के झालंय, साहेब." पुढच्या सोमवारीही नव्वदच. त्याच्या पुढच्या सोमवारी, "झालंच समजा." अशा ‘झालंच समजा’वर मी अकरा वर्षं काढली. मग एका हट्टी वरिष्ठांनी मागे लागून मला पीएमपीच्या, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ या सर्टिफिकेटच्या, क्लासला घातलं. चिडतच गेलो, परीक्षाही दिली. आता शनिवार-रविवारी हाच विषय मी शिकवतो, आणि प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या चहाच्या सुट्टीत तेच ते मुद्दे निघतात. मीही एके काळी ते तावातावाने मांडत होतो, त्यामुळे कुणावर हसायची सोय नाही.

"श्रीधरनसाहेबांकडे कुठे होतं सर्टिफिकेट?"

हा मुद्दा सगळ्यात आधी निघतो, आणि सगळ्यात वजनदारही तोच. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमच्या पांबन पुलाचे गाळे वाहून गेले. रेल्वेतले इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. पुढे १९९० मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग डोंगर पोखरत, खाड्या ओलांडत गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो सबंध खुला झाला. या माणसाकडे पीएमपी नव्हतं. असणार तरी कसं? पांबनचं काम चाललं होतं तेव्हा ते देणारी पीएमआय ही अमेरिकन संस्थाच जन्मली नव्हती. ती निघाली १९६९ मध्ये. पीएमपीची परीक्षा तर १९८४ ची.

पण म्हणून श्रीधरन शिक्षणावाचून घडले असं कुणी समजू नये. इंजिनिअरिंगची पदवी, १९५३ ची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा आणि मग रेल्वेत प्रोबेशनरी असिस्टंट इंजिनिअर म्हणून उमेदवारी, हा त्यांचा रस्ता. रेल्वे नव्या अधिकाऱ्याला एकदम रुळांवर सोडत नाही, आधी तालीम देते. सिव्हिलच्या अधिकाऱ्यांना शिकवणारी तिची संस्था, इरिसेन, पुण्यातच आहे. ज्याच्या पाठीशी एवढं मोठं खातं आहे त्याला तालीम घरात मिळते. पंधरा-वीस जणांच्या फर्ममधल्या इंजिनिअरला ती बाहेर जाऊन, बहुतेक वेळा पदरचे पैसे भरून, घ्यावी लागते.

"हे सगळं आयटीवाल्यांचं खूळ"

उलट आहे. कामाच्या जाळ्यातली सगळ्यात लांब साखळी शोधायची क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपॉन्ट या रसायन कंपनीत तयार झाली, कारखाने बांधायच्या आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवायच्या कामातून. तिचं भावंड शोभावी अशी पर्ट ही पद्धत अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी आणली. आपण साइट ऑफिसच्या भिंतीवर लावतो तो बार चार्ट हेन्री गँटच्या नावाने ओळखला जातो, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. हिंजवडीला तेव्हा शेती होती.

"अनुभव असला की पुरे"

इथे मी माझीच फजिती सांगतो. बावीस आठवड्यांत एका ऑफिस इमारतीचं आतलं काम संपवून द्यायचं होतं. प्लास्टर मागे पडलं. अनुभव म्हणाला, माणसं वाढव. मी दुसरी गँग लावली, हॅलोजन लावून रात्रपाळी केली, मुकादमाशी रोज भांडलो. प्लास्टर वेळेत आलं. काम मात्र सहा आठवडे उशिरा संपलं, कारण इमारतीला वीजच नव्हती. ट्रान्सफॉर्मर यायला सोळा आठवडे लागणार, आल्यावर जोडणी आणि विद्युत निरीक्षकांची परवानगी यांत तीन जाणार, आणि मी ऑर्डर दिली होती नवव्या आठवड्याच्या शेवटी. नऊ, सोळा आणि तीन, अठ्ठावीस. तिसरीतल्या मुलाने केली असती अशी बेरीज. पण ती कुणी कागदावर मांडलीच नव्हती. ऑर्डर द्यायची शेवटची तारीख होती तिसऱ्या आठवड्याची अखेर. त्या दिवशी आम्ही पायाडांचे फोटो काढत होतो.

प्लास्टर डोळ्यांना दिसतं. न दिलेली ऑर्डर दिसत नाही. अनुभव मला काम कसं करायचं ते शिकवून गेला होता, पण कुठल्या कामाच्या उशिराने सगळा प्रकल्प अडतो आणि कुठल्याच्या उशिराने काहीच बिघडत नाही, हे वेगळं काढायची शिस्त त्याने दिली नव्हती. ती मला क्लासच्या दुसऱ्या रविवारी मिळाली. अनुभव असलेल्या माणसालाच ती जास्त लागू पडते, कारण त्याच्याकडे जाळ्यात भरायला खरे दिवस, खरे आकडे असतात. नवख्याचं जाळं सुबक दिसतं आणि खोटं असतं.

"पैसे बजेटमध्ये, वेळही बरोबर, म्हणजे काम बरोबर"

हा गैरसमज इंजिनिअरांइतकाच गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांचाही आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. दहा इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. इमारतीला एक लाख, म्हणजे एकूण दहा लाख. आठवड्याला एक इमारत, दहा आठवडे. १५ मार्चला सुरुवात. पाच आठवड्यांनी सेक्रेटरी सांगतात, निम्मा वेळ झाला, निम्मे पैसे गेले, सगळं ठरल्याप्रमाणे. टाळ्या.

आता इमारती मोजा. चारच रंगल्यात. म्हणजे पाच लाख खर्चून आपल्या पदरात पडलं चार लाखांचं काम. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या मोठ्या कंत्राटांना ही मोजणी लागू केली. चार भागिले पाच, ०.८. दहा लाखांना ०.८ ने भागलं की साडेबारा लाख. याच चालीने गेलात तर एवढे लागतील. आठवडेही दहाचे साडेबारा होतील, आणि २४ मेला संपणारा रंग १० जूनच्या आसपास संपेल. म्हणजे शेवटच्या दोन भिंतींवर मृगाचा पाऊस. हे सगळं पाचव्या आठवड्यात कळतंय, जेव्हा सेक्रेटरींना ठेकेदाराशी बोलायला अजून वेळ आहे.

या मोजणीत एक कडक नियम आम्ही लावतो: अर्धवट काम शून्य धरायचं. पायाड बांधलंय, पुट्टी झालीय, पहिला हात मारलाय, तरी शून्य. नियम निष्ठुर वाटतो, पण ‘नव्वद टक्के’वर एवढा जालीम उपाय दुसरा नाही. एकदा मी विचारलं, "राहिलेले दहा टक्के कुठले?" वही चाळून उत्तर आलं, "दोन दरवाजे, एक बेसिन आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग."

"घोकून पास होता येतं"

व्याख्या घोकून पीएमपी होत नाही. १८० प्रश्न, २३० मिनिटं, आणि बरेचसे प्रश्न प्रसंग देऊन विचारलेले. असा प्रसंग मी वर्गात घालतो: ठेकेदाराने न विचारता ठरल्यापेक्षा भारी टाइल्स बसवल्या, पैसे जास्त मागितले नाहीत, ग्राहक खूश आहे, तुम्ही पहिलं काय कराल? निम्मा वर्ग म्हणतो, आभार मानू. उरलेले गप्प बसून पर्याय ताडतात. अपेक्षित उत्तर असं की आधी या बदलाचे परिणाम तपासा आणि तो बदलाच्या रीतसर वाटेने न्या. कारण पुढच्या वर्षी टाइल फुटली तर तसली टाइल कोण आणणार? जाडी वेगळी असेल तर दरवाजे घासतील का? साइटवर वीस वर्षं काढलेला माणूस अशा प्रश्नांवर अडखळतो, कारण तो आपण काय करतो ते लिहितो. परीक्षा मात्र काय करायला हवं होतं ते विचारते.

छोट्या टप्प्यांनी, बदल सामावून घेत काम करायच्या अजाइल पद्धतीमुळे हे जुनं झालं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: जानेवारी २०२१ मध्ये परीक्षा बदलली तेव्हापासून जवळपास निम्मे प्रश्न अजाइल आणि मिश्र पद्धतींवरचेच असतात.

"आधी सर्टिफिकेट घेऊ, काम मागून मिळेल"

पीएमपीच्या अर्जालाच पदवीधराकडे ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव लागतो, पदवी नसेल तर ६० महिने. वर ३५ तासांचं प्रशिक्षण. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात, आणि मग जुन्या साहेबांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम ही वेगळी परीक्षा आहे. ब्रिटिश सरकारच्या वर्तुळात वाढलेल्या प्रिन्स टूच्या फाउंडेशन पातळीला अनुभवाची अटच नाही. ती मुळात एक ठरलेली कार्यपद्धती आहे, कोणी कोणाला कधी काय कळवायचं ते सांगणारी. अजाइलवाल्यांचा स्क्रम मास्टरचा दोन दिवसांचा कोर्स हे आणखी तिसरंच प्रकरण. या तिघांना एका मापाने मोजणं म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, मेकॅनिकचा आयटीआय आणि ट्रॅफिकचे नियम यांत श्रेष्ठ कोण, असं विचारणं.

आणि हे कायमचंही नसतं. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे साधारण तितके तास शिकण्या-शिकवण्याचे, दाखवावे लागतात. नाहीतर नावापुढची तीन अक्षरं जातात.

"पगार नक्की वाढतो", "हंड्रेड पर्सेंट पास गॅरंटी"

पहिल्याबद्दल सावधपणे बोलतो. सर्टिफिकेटवाल्यांचा पगार जास्त असतो असं सांगणारी पाहणी पीएमआय स्वतःच करते. आंबेवाल्याला हापूस गोड आहे का विचारावं, तशातली गत. शिवाय परीक्षेला बसणारी माणसं आधीच अनुभवी आणि महत्त्वाकांक्षी असतात, त्यामुळे पगार कशाने वाढला हे वेगळं काढणं अवघड. मला दिसलेला फायदा साधा आहे: दार उघडतं. सल्लागारांच्या निविदांमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरच्या पात्रतेत हे नाव छापलेलं असतं, दुबई-दोह्याला गेलेल्या आपल्या पोरांचे बायोडेटा ग्राहकाकडे मंजुरीला जातात तेव्हा ते शोधलं जातं. आपल्याकडेही नीती आयोग आणि क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकल्प व्यवस्थापनाची राष्ट्रीय धोरण-चौकट आणली. दाराच्या आत टिकायचं ते कामावरच.

दुसऱ्याबद्दल सावध बोलायची गरज नाही. पासची गॅरंटी कुठलाच क्लास देऊ शकत नाही. परीक्षा पीएमआय घेते, क्लास नाही. क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे ३५ तास हजर होता याचा दाखला, तो फ्रेम करून ‘पीएमपी’ म्हणून लावणारे मी पाहिले आहेत. नापास झालात तर एका वर्षात एकूण तीनदा बसता येतं, दर वेळी फी भरून. कोण खरोखर पीएमपी आहे याची यादी पीएमआयच्या संकेतस्थळावर असते. क्लासला पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याचं नाव तिथे शोधावं. माझ्या वर्गात पहिल्या तासाला मी मोबाइल काढायला सांगतो आणि माझंच नाव शोधायला लावतो. मागच्या बॅचमध्ये एकाने ते केलं आणि हात वर करून विचारलं, "सर, नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यातली दिसतेय. पीडीयू भरलेत ना?"

सात राहिले होते.