फिल्टर आहे, पण जोड गळतो

गेल्या वर्षी श्रावणात एक सासूबाई सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेचे डोळे पिवळे, लघवी हळदीच्या पाण्यासारखी, अन्नाचा वासही नको झालेला. मी आधी पाण्याचे विचारले. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी तं फिल्टर हाय ना," सासूबाई जरा दुखावूनच म्हणाल्या.

"दीड महिन्यापूर्वी कोणते पाणी पीत होता?" या प्रश्नावर मात्र खरे ते बाहेर आले. फिल्टरकडे येणाऱ्या नळीचा जोड गळत होता, ओट्यावर तळे साचायचे, म्हणून मुलाने नळीच काढून ठेवली. पेरणीची धांदल, त्यात प्लंबर मिळेना. वीस दिवस सारे घर सरळ नळाचे पाणी प्याले.

दीड महिना अशासाठी विचारला की 'ई' प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी लक्षणे दिसतात. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की ही कावीळ पसरते. १९५५-५६ साली दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना झाली होती; आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली मोठी साथ आली. एरवी माणूस बहुधा विश्रांतीने बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. मी त्या मुलीला तासाभरात नागपूरला पाठवले. तपासणीत 'ई'च निघाली. तीन आठवडे त्या घरात कुणाला झोप नव्हती; सुदैवाने मायलेकरे सुखरूप आहेत.

पुढे मी तो जोड पाहायला गेलो. माझ्या स्वतःच्या घरचा फिल्टर मीच बसवला आहे, आणि पहिल्या वेळी पान्ह्याने आवळताना प्लास्टिकचा आटा चिरून बसलो होतो, तेव्हा थोडे ज्ञान गाठीशी आहे.

जोड दोन जातीचे असतात, आणि घोळ इथेच होतो. ज्या चाकीच्या आत रबरी वायसर असतो, तिथे पाणी वायसर अडवतो, आटे नव्हे. तिथे टेप गुंडाळून उपयोग नाही; वायसर चपटा झाला असेल, दुमडला असेल तर बदलावा. वायसर नसलेल्या जोडात आट्यांवर टेफ्लॉन टेप लागते. आट्याचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, चार-पाच वेढे द्यावेत. उलटे गुंडाळले की आवळताना टेप उलगडते. पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तुकडे यंत्रात जातात. सुती दोरा आणि सफेद्याची जुनी पद्धत पिण्याच्या पाण्याला नको. जुन्या सफेद्यात शिसे असे.

चाकी आधी बोटांनीच फिरवावी. पहिल्याच फेऱ्यात अडली तर आटे तिरपे बसलेत, काढून पुन्हा लावावी. हाताने घट्ट झाली की पान्ह्याने फक्त पाव फेरा. आवळल्यावर दिशा जुळवायला थोडी सैल केली तर टेप तुटते. मग जुनी खरवडून नवी लावणे आलेच. त्या घरी नेमके हेच झाले होते. बारीक नळी दाबून बसवायची असेल तर ती धारदार पात्याने काटकोनात कापावी, आत टेकेपर्यंत ढकलावी आणि ओढून पाहावी.

नळ पूर्ण सोडून जोडाभोवती कोरडा कागद अर्धा तास बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे पांढरे खवले जोडावर धरतात, ते पाहून गळती थांबली असे वाटते. खरे तर तिथूनच पाणी पाझरत असते. खाली विजेचा अडॅप्टर असेल तर तो आधी हलवा, आणि कामाला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून पिन काढा.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्यावे. साध्या कांडीच्या फिल्टरवर विसंबू नये, हा विषाणू तिच्या छिद्रांतून सहज निघतो.

परवा त्या सासूबाई नातवाला डोस द्यायला आल्या होत्या. पिशवीतून टेपची रिकामी गुंडाळी काढून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हेच पायजे ना? पोराले दोन आणाले सांगतलं."